डॉमिनिकन आणि ओकिनावन यांच्या एका तक्त्याविषयी मराठी मंडळांना खुले पत्र

प्रति,
उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांचे कार्यकारिणी सदस्य आणि रविवारच्या मराठी शाळांचे शिक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी आपल्यापैकी एका मंडळाने तरुण मुलांसाठी ठेवलेल्या कार्यक्रमाला मी गेले होते. ‘कष्ट, बचत आणि शिक्षण’ या विषयावर बोलणाऱ्या वक्त्यांनी पडद्यावर एक तक्ता दाखवला. डाव्या रकान्यात हवाईतील ओकिनावन, म्हणजे जपानच्या दक्षिणेकडील ओकिनावा बेटांवरून आलेल्यांचे वंशज, होते आणि उजव्या रकान्यात न्यूयॉर्कमधील डॉमिनिकन, म्हणजे कॅरिबियनमधील डॉमिनिकन रिपब्लिक या देशातून आलेले लोक. खाली घरटी उत्पन्न, पदवीधरांचे प्रमाण आणि स्वतःचे घर असलेल्या कुटुंबांचे प्रमाण. दोन्ही समाज बेटांवरून आलेले, दोन्ही उसाच्या मुलखातले, दोन्ही येताना गरीब, मग एक वर कसा गेला आणि दुसरा मागे का राहिला, असे त्यांनी मुलांना विचारले आणि उत्तरही स्वतःच दिले: संस्कार. सभागृहात टाळ्या झाल्या. माझ्या शेजारी बसलेल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलीने तो शब्द वहीत लिहून घेतला आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. मी तेव्हा उठून बोलायला हवे होते. बोलले नाही, याची खंत मनात राहिली, आणि म्हणून आज हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

या दोन्ही समाजांशी माझा संबंध पुस्तकी नाही. शिक्षणासाठी मी चार वर्षे होनोलुलूत राहिले, आणि २००१ च्या सप्टेंबरपासून मॅनहॅटनच्या उत्तर टोकाला, वॉशिंग्टन हाइट्समध्ये, शाळेत शिकवते. माझ्या वर्गात बसणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांचे आईवडील किंवा आजीआजोबा डॉमिनिकन रिपब्लिकमधून आलेले असतात. त्या तक्त्यातले आकडे खोटे होते असे माझे म्हणणे नाही. दोन्ही समाजांच्या आर्थिक स्थितीत मोठे अंतर आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. माझी तक्रार त्या अंतराच्या दिलेल्या कारणाबद्दल आहे. तो तक्ता दोन संस्कृतींची तुलना करत नव्हता. तो दोन वेगळ्या काळांची, दोन वेगळ्या कायद्यांची आणि दोन वेगळ्या बाजारपेठांची तुलना करत होता, आणि त्यातले काहीही त्या मुलांना सांगितले गेले नाही.

ओकिनावापासून सुरुवात करते. जपानने १८७९ मध्ये या बेटांवरचे रयुक्यूचे राज्य खालसा करून त्याचा ओकिनावा प्रांत केला. तिथे गावची जमीन ठरावीक वर्षांनी कुटुंबांमध्ये फिरवून वाटण्याची जुनी पद्धत होती. १८९९ ते १९०३ या काळात ती मोडून खासगी मालकी आणि रोख सारा आला. जमीन गहाण टाकता येऊ लागली, विकता येऊ लागली, आणि गाव सोडताही येऊ लागले. किन गावच्या तोयामा क्युझो यांनी परदेशी स्थलांतराला परवानगी मिळावी म्हणून सरकारदरबारी खटपट केली, आणि १८९९ च्या डिसेंबरमध्ये नाहा बंदरातून निघालेली पहिली तुकडी ८ जानेवारी १९०० रोजी होनोलुलूला उतरली. ते २६ जण होते. त्यांना एवा येथील उसाच्या मळ्यावर पाठवण्यात आले.

मळ्यावर त्यांच्या वाट्याला दुहेरी अवहेलना आली. मुकादम आणि मालक तर होतेच. शिवाय जपानच्या मुख्य बेटांवरून आधी आलेले मजूर, ज्यांना ‘नाइची’ म्हणत, ते ओकिनावनांना आपल्यातले मानत नव्हते. त्यांची भाषा समजत नाही, त्यांच्या बायकांचे हात गोंदलेले असतात, ते डुकरे पाळतात, अशी हिणवणी चाले. नाइची घरांत ओकिनावन सून किंवा जावई करून घ्यायला उघड विरोध असे. खुद्द जपानमध्ये १९०३ च्या ओसाका प्रदर्शनात दोन ओकिनावन स्त्रियांना मानववंशाचे नमुने म्हणून एका दालनात प्रेक्षकांसमोर बसवले होते. आपल्या वक्त्यांनी हाच तक्ता १९२० मध्ये होनोलुलूत तयार केला असता, तर डाव्या रकान्यात नाइची आले असते आणि उजव्या रकान्यात ओकिनावन. त्याखाली ‘संस्कार’ हाच शब्द लिहिला गेला असता, आणि त्या सभेतही टाळ्या झाल्या असत्या.

मग पुढे काय घडले? सर्वांत आधी दार बंद झाले. १९०८ पासून जपानी मजुरांच्या येण्यावर बंधने आली होती आणि १९२४ च्या कायद्याने ते जवळजवळ थांबलेच. ही गोष्ट कोरडी वाटेल, पण आकडेवारीच्या दृष्टीने तिच्याइतकी महत्त्वाची दुसरी गोष्ट नाही. हवाईतील ओकिनावन म्हणून आज ज्यांची मोजदाद होते ते बहुतेक शंभर वर्षांपूर्वी आलेल्यांची नातवंडे, पतवंडे आणि खापरपणतवंडे आहेत. त्यांच्या सरासरीत काल विमानातून उतरलेला, इंग्रजी न येणारा, भाड्याच्या खोलीत राहणारा माणूस फारसा नाही. आणि सरकारी तक्त्यांत बहुतेक वेळा ओकिनावन वेगळे दिसतही नाहीत. ते जपानी वंशाच्या लोकांत मिसळून जातात.

दुसरी गोष्ट संघटनेची. १९४६ मध्ये हवाईच्या साखर कामगारांनी, जपानी, ओकिनावन, फिलिपिनो अशा सर्वांनी मिळून, ७९ दिवसांचा संप केला आणि मळेवाल्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची सत्ता खिळखिळी केली. त्याच सुमारास युद्धावरून परतलेल्या दुसऱ्या पिढीतील तरुणांना माजी सैनिकांसाठीच्या कायद्यामुळे सरकारी खर्चाने विद्यापीठात जाता आले. १९५४ च्या निवडणुकीत मळेवाल्यांच्या बाजूने असलेला पक्ष विधिमंडळातून पायउतार झाला, १९५९ मध्ये हवाईला राज्याचा दर्जा मिळाला, आणि पाठोपाठ पर्यटनाने बेटांची अर्थव्यवस्था फुगली. ज्या डुकरांवरून हिणवले गेले त्यांच्याच पालनातून अनेक कुटुंबांच्या हाती पहिले भांडवल आले होते. त्यातून आणि लहानमोठ्या खाणावळींतून उभे राहिलेले लोक या वाढत्या बाजारात योग्य वेळी हजर होते. तेरुया बंधूंनी १९४९ मध्ये टाइम्स सुपरमार्केट सुरू केले, हिगा बंधूंनी १९६६ मध्ये झिपीज हे उपाहारगृह काढले. डेव्हिड इगे २०१४ मध्ये हवाईचे गव्हर्नर झाले. ओकिनावन वंशाचे ते अमेरिकेतील पहिले गव्हर्नर. पहिली तुकडी उतरल्यापासून त्याला ११४ वर्षे लागली.

या लोकांचे कष्ट मी कमी लेखत नाही. होनोलुलूत असताना एका आजीबाईंनी मला १९४८ ची हकीकत सांगितली होती, जी तिथल्या प्रत्येक ओकिनावन घरात सांगितली जाते. युद्धात ओकिनावाची राखरांगोळी झाली तेव्हा हवाईच्या ओकिनावनांनी वर्गणी काढून अमेरिकेच्या मुख्य भूमीवर ५५० डुकरे विकत घेतली, आणि सात माणसे ती जहाजावर चढवून, वादळे झेलत, ओकिनावाला पोचवून आली. असे लोक कोणाच्याही आदराला पात्र आहेत. मात्र असाच जीव आपल्या बेटासाठी तुटताना मी वॉशिंग्टन हाइट्समध्येही रोज पाहते, आणि त्याची नोंद त्या तक्त्यात नव्हती.

आता डॉमिनिकनांकडे वळते. राफाएल त्रुहियो यांच्या हुकूमशाहीत, म्हणजे १९३० पासून, सामान्य माणसाला पासपोर्ट मिळणेच कठीण होते. ३० मे १९६१ रोजी त्रुहियो मारले गेले आणि दार किलकिले झाले. १९६५ च्या एप्रिलमध्ये यादवी पेटली, अमेरिकेने वीस हजारांहून अधिक सैनिक उतरवले, आणि त्यानंतर देशातला असंतोष बाहेर वाहून जावा म्हणून व्हिसा सढळ हाताने दिले जाऊ लागले. एकाच्या मागे भाऊ, भावामागे बायको, बायकोमागे तिची आई असे घरच्या घर येत राहिले, आणि आजही येत आहेत. अमेरिकेत डॉमिनिकन वंशाचे सुमारे २४ लाख लोक आहेत आणि त्यांतील जवळपास निम्मे परदेशात जन्मलेले आहेत. पहिल्या पिढीची सरासरी चौथ्या पिढीच्या सरासरीशेजारी ठेवली की अंतर दिसणारच.

ते आले तेव्हा न्यूयॉर्कमध्ये शिवणकामाचे आणि इतर कारखाने हेच कमी शिकलेल्या माणसाच्या पोटाचे साधन होते. १९५० मध्ये या शहरात कारखान्यांतील सुमारे दहा लाख नोकऱ्या होत्या. शतक संपेपर्यंत त्या तीन लाखांच्याही खाली आल्या. १९७५ मध्ये शहराची तिजोरी रिकामी झाली, शाळा, दवाखाने, अग्निशमन सगळ्यांवर कात्री चालली. ज्या पायरीवर पाय ठेवून इतर स्थलांतरित वर चढले, ती पायरी डॉमिनिकनांनी पाय ठेवला आणि निखळली. मुंबईच्या गिरण्या १९८२ च्या संपानंतर बंद पडत गेल्या तेव्हा लालबाग-परळच्या घरांत काय झाले हे आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी पाहिले आहे. तिथल्या बेकार झालेल्या तरुणांना संस्कार नव्हते असे आपण म्हणतो का?

१९९० च्या दशकात न्यूयॉर्कमधील एक तृतीयांशाहून अधिक डॉमिनिकन दारिद्र्यरेषेखाली होते. त्यात भर म्हणजे बहुसंख्य डॉमिनिकनांच्या अंगात आफ्रिकी वंशाचे रक्त आहे, आणि या देशात घर भाड्याने देताना, नोकरीवर घेताना आणि रस्त्यावर पोलिसाने थांबवताना कातडीचा रंग काय करतो ते मी येथे नव्याने सांगायला नको. आमच्या भागातली घरे बहुतेक भाड्याची आहेत. मॅनहॅटनमध्ये मजुराने जमीन घ्यावी असा काळ त्यांच्या येण्यापूर्वीच सरला होता. म्हणून ‘स्वतःचे घर’ हा रकाना मला विशेष अन्यायाचा वाटला.

तरीही त्यांनी हातपाय हलवले. पोर्तोरिकन लोकांकडून कोपऱ्यावरची किराणा दुकाने, ज्यांना बोदेगा म्हणतात, त्यांनी विकत घेतली आणि दिवसाचे सोळा-सोळा तास चालवली. पिवळ्या टॅक्सी उत्तरेकडे यायला तयार नसत, तेव्हा त्यांनी फोनवर बोलावता येणाऱ्या गाड्यांचे तळ उभे केले. १९९१ मध्ये गियेर्मो लिनारेस नगर परिषदेवर निवडून गेले. २०१६ मध्ये आद्रियानो एस्पायात काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून गेले, ते तिथे पोचलेले पहिले डॉमिनिकन अमेरिकन. त्रुहियोनंतर ही मजल ५५ वर्षांत गाठली गेली. ओकिनावनांना दिलेली ११४ वर्षे यांनाही द्यायची तर निकाल २०७५ मध्ये लावावा लागेल.

बचतीविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण वक्त्यांचा सर्वाधिक भर त्यावर होता. डॉमिनिकन रिपब्लिकला परदेशातल्या आपल्या माणसांकडून अलीकडे दरवर्षी दहा अब्ज डॉलरहून अधिक रक्कम जाते. आजीचे औषध, धाकट्या भावाची फी, गावाकडच्या घराचे छप्पर. हा पैसा न्यूयॉर्कच्या बँकेतल्या शिल्लकेत दिसत नाही, पण तो राखून ठेवलेलाच पैसा आहे. एकेकाळी ओकिनावनांचेही असेच होते. १९२० च्या दशकाच्या अखेरीस परदेशातून तिथे येणारा पैसा प्रांताच्या वार्षिक महसुलाच्या निम्म्याहून अधिक रकमेएवढा होता. कोकणातल्या घराघरात गिरणीतून येणारी मनिऑर्डर काय होती हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे समजायला जड जाऊ नये. मी येथे शिकवू लागले त्या पहिल्याच वर्षी, १२ नोव्हेंबर २००१ रोजी, सांतो दोमिंगोला निघालेले ५८७ क्रमांकाचे विमान क्वीन्समध्ये कोसळले आणि २६५ माणसे गेली. दुसऱ्या दिवशी शाळेत आलेल्या मुलांचे चेहरे पाहून मला कळले की हे कुटुंब एका देशात राहतच नाही. ते दोन देशांत पसरलेले एकच घर आहे, आणि त्याचे निम्मे उत्पन्न मोजून त्याला उधळे ठरवणे चुकीचे आहे.

आणि भिशी? ओकिनावन लोक तिला मोआई म्हणतात, हवाईत तिला तानोमोशी म्हणत, डॉमिनिकन तिला सान म्हणतात. आठ-दहा जणांनी दर आठवड्याला किंवा महिन्याला ठरलेली रक्कम एका विश्वासू बाईकडे द्यायची आणि पाळीपाळीने उचलायची, ही पद्धत तिन्हीकडे सारखी. बोदेगांचे पहिले भांडवल असेच जमले आहे. तेव्हा बचतीची रीत एका समाजात आहे आणि दुसऱ्यात नाही, हे विधान वस्तुस्थितीला धरून नाही.

संस्कार हेच कारण असते तर ते माणसाबरोबर सगळीकडे गेले असते. युद्धानंतर ओकिनावात अमेरिकी तळांसाठी शेतजमिनी गेल्या आणि १९५४ पासून काही कुटुंबे बोलिव्हियातील सांता क्रूसच्या जंगलात वसवली गेली. पहिल्या जागी साथीच्या रोगाने पंधरा जण दगावले, वस्ती हलवावी लागली, पण प्रत्येक कुटुंबाला ५० हेक्टर जमिनीचे वचन होते आणि जमीन मिळाली. आज तिथल्या ओकिनावा वसाहतीतील कुटुंबे सोयाबीन आणि गहू पिकवणारी, गडी ठेवणारी जमीनदार कुटुंबे आहेत. त्यांच्याच घरांतली जी मुले कामासाठी जपानला परतली ती योकोहामाच्या त्सुरुमी भागात कंत्राटदारांच्या हाताखाली तारा ओढण्याची, बांधकामाची कामे करतात. ओसाकाच्या ताइशो भागात गेलेले ओकिनावन कित्येक दशके झोपडवस्तीत राहिले. खुद्द ओकिनावा आजही दरडोई उत्पन्नात जपानच्या प्रांतांत तळाशी असते. भाषा तीच, पूर्वज तेच, मोआई तीच. बदलले ते फक्त गाव, जमीन आणि कायदा.

याहून बोलका दाखला डॉमिनिकन भूमीवरच आहे. १९५६ ते १९५९ या काळात जपान सरकारने सुमारे १,३०० जपानी शेतकऱ्यांना त्रुहियोंच्या देशात पाठवले. भरपूर सुपीक जमीन फुकट मिळेल असे त्यांना सांगितले होते. हैतीच्या सीमेवरील दाहाबोन, नैऋत्येकडील नेइबा अशा ठिकाणी त्यांना प्रत्यक्षात कमी जमीन मिळाली, आणि कित्येकांच्या वाट्याला दगडगोटे किंवा खारवट माती आली. पाण्याचा पत्ता नव्हता. बहुतेक जण काही वर्षांत परतले किंवा दक्षिण अमेरिकेत निघून गेले. मागे राहिलेल्यांनी पुढे दावा लावला. २००६ मध्ये टोकियोच्या न्यायालयाने सरकारची चूक मान्य केली, पण मुदत उलटली म्हणून भरपाई नाकारली, आणि त्यानंतर पंतप्रधान कोइझुमी यांनी या लोकांची माफी मागितली. कष्टाळू जपानी शेतकऱ्याला दगडातून पीक काढता आले नाही. त्याबद्दल त्याच्या संस्कारांना कोणी दोष दिला नाही, आणि तेच योग्य होते.

आता आपल्याविषयी. १९४६ पासून भारतीयांसाठी वर्षाला १०० जणांचा कोटा होता. १९६५ च्या कायद्याने तो गेला आणि शिकलेल्या, विशेष कौशल्य असलेल्या माणसांना प्राधान्य मिळाले. आपल्यातले जे आधी आले ते डॉक्टर आणि इंजिनिअर होते, नाममात्र फी घेणाऱ्या सरकारी महाविद्यालयांत, म्हणजे भारतातल्या करदात्यांच्या पैशावर, शिकलेले. दारातच चाळणी लागली होती. त्याच मराठीतून बोलणारे कोकणातले लोक एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून गिरमिटावर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेले, आणि त्यांना अंगणातून घरात यायला पिढ्या लागल्या. न्यू जर्सीतील मराठी आणि मॉरिशसमधील मराठी यांचा असाच तक्ता करून कोणी आपल्यातल्या अर्ध्यांना संस्कारहीन ठरवले, तर आपल्याला चालेल का? मी हे विचारते कारण त्या सभागृहातल्या टाळ्यांत मला आपलेच कौतुक ऐकू आले. ओकिनावन हे निमित्त होते. डाव्या रकान्यात मनातल्या मनात आपण बसलो होतो.

त्या कार्यक्रमानंतर सात-आठ महिन्यांनी आमच्या शाळेतल्या एका डॉमिनिकन विद्यार्थ्याने मला विचारले की त्याच्या वर्गातली भारतीय मुलगी त्याच्याबरोबर प्रकल्प करायला का नाही म्हणते. मी त्याला खरे उत्तर देऊ शकले नाही, कारण ते मला ठाऊक नव्हते. पण वहीतल्या त्या दोन रेघा मला आठवल्या.

म्हणून आपणास माझी विनंती आहे. आपल्या अधिवेशनांतून आणि शाळांतून हा तक्ता आणि त्यासारखे इतर तक्ते दाखवणे थांबवावे. समाजांची तुलना जरूर करावी, तो मुलांना शिकवण्यासारखा विषय आहे. पण कोण कोणत्या वर्षी आले, कोणत्या कायद्याखाली आले, आल्यावर कोणते काम उपलब्ध होते, जमीन मिळाली की नाही, आणि मोजली जाणारी माणसे कितव्या पिढीची आहेत, हे सांगितल्याशिवाय उत्पन्नाचा एकही आकडा पडद्यावर येऊ नये. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमध्ये १९९२ पासून डॉमिनिकन अभ्याससंस्था आहे. तिथल्या अभ्यासकांना बोलवावे. हवाईत ओकिनावन संघटना आहेत. त्यांच्याकडून नाइची आणि ओकिनावन यांच्यातल्या दुराव्याची गोष्ट मुलांना ऐकू द्यावी. माझ्या शाळेतले काही डॉमिनिकन पालक आपल्या कार्यक्रमाला यायला तयार आहेत. सान कशी चालते हे त्यांनी सांगावे आणि भिशी कशी चालते हे आपल्यापैकी कोणी तरी सांगावे.

या विषयावर दीड तासाचा पाठ मी मराठीतून तयार केला आहे, नकाशांसह आणि १९०० पासूनच्या कालपटासह. ज्या मंडळाला हवा असेल तिथे स्वखर्चाने येऊन मी तो घेईन. गेल्या वर्षी ज्या मंडळात तो तक्ता दाखवला गेला, त्यांनी मला सर्वांत आधी बोलवावे अशी माझी इच्छा आहे, आणि शक्य झाल्यास तीच मुले पुन्हा जमवावीत.

आपली नम्र,
एक मराठी शिक्षिका
वॉशिंग्टन हाइट्स, न्यूयॉर्क